महामार्ग मोजायचा कशाने?

शक्तिपीठ महामार्गाचा विषय निघाला की दोन्ही बाजूंची वाक्ये आता पाठ झाली आहेत. एक बाजू म्हणते, रस्ता म्हणजे विकास आणि आडवे येणारे सगळे विकासाचे वैरी. दुसरी बाजू म्हणते, रस्ता ठेकेदारांच्या पोटासाठी, शेतकऱ्याच्या पोटावर पाय देऊन. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत आठशे किलोमीटरहून लांब अशी ही रेघ नकाशावर ओढली गेली, तेव्हापासून मोर्चे निघत आहेत. निवडणुकीच्या तोंडावर कोल्हापूरपुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द होते आणि निवडणूक उरकल्यावर विषय पुन्हा वर येतो. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कुणाच्या तोंडी येत नाही. आज माणसे ज्या रस्त्याने जात आहेत, त्याचे काय?

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. या देशाला रुंद, मजबूत महामार्ग हवेत आणि आजच्यापेक्षा जास्त हवेत. ‘रस्ते नकोत’ म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. पण राष्ट्रीय महामार्गांच्या विस्ताराचा क्रम चुकला आहे. पहिला पैसा, पहिला अभियंता आणि पहिली जमीन त्या रस्त्याला मिळायला हवी, ज्यावरून आज गाव शाळेला, दवाखान्याला, बाजाराला जाते आणि ज्यावर माणसे मरतात. तो पुरा करा, रुंद करा, सुरक्षित करा, सांभाळा. त्यानंतरही गरज उरली, तर नवी रेघ ओढा. आज हे उलटे चालले आहे, कारण रस्ता किलोमीटरने मोजला जातो आणि किलोमीटर वाढवायला नवी रेघ सगळ्यांत सोपी.

विस्ताराच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणाऱ्या ५,८४६ किलोमीटरच्या सुवर्ण चतुष्कोनाचे काम १९९९ मध्ये सुरू झाले. त्याआधी देशाच्या मुख्य धमन्यांवर समोरून ट्रक आला की साइडपट्टीवर चाक उतरवावे लागे. चतुष्कोन झाल्यावर त्याच्यापासून दहा किलोमीटरच्या आतल्या जिल्ह्यांत कारखानदारी लांबच्या जिल्ह्यांपेक्षा ठळकपणे वाढली, असे अर्थशास्त्रज्ञांनी आकडेवारी तपासून दाखवले आहे. लासलगावचा कांदा, नाशिकची द्राक्षे, सांगोल्याचे डाळिंब हा सगळा नाशवंत माल. वाटेत गेलेला प्रत्येक तास शेतकऱ्याच्या भावातून कापला जातो. २०१४ साली देशात सुमारे ९१ हजार किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग होते, आज ते १ लाख ४६ हजारांच्या वर आहेत. चौपदरी किंवा त्याहून रुंद महामार्ग १८ हजार किलोमीटरच्या आसपास होते, ते २०२३ अखेरीस ४६ हजारांवर गेले. एका दशकात झालेले हे काम खोटे नाही, आणि ते नाकारणारा माणूस पुणे-बेंगळुरू रस्त्यावरून पंचवीस वर्षांपूर्वी कधी गेलेला नसावा.

पण याच आकड्यांकडे आणखी एकदा बघा. ९१ हजारांचे १ लाख ४६ हजार झाले म्हणजे ५५ हजार किलोमीटर नवे रस्ते जमिनीवर उभे राहिले, असे नव्हे. राष्ट्रीय महामार्ग अधिसूचनेने ‘घोषित’ होतो. काल राज्याचा होता तो रस्ता आज राष्ट्रीय होतो, पाटीवरचा क्रमांक बदलतो, खाली तोच दोनपदरी डांबरी रस्ता राहतो. वरच्याच आकड्यांवरून दिसते की राष्ट्रीय महामार्गांपैकी जेमतेम एक तृतीयांश लांबी चौपदरी आहे. उरलेल्या दोन तृतीयांशावर बस, ट्रक, उसाने भरलेली ट्रॅक्टरची जोडट्रॉली, दुचाकी आणि डोक्यावर भारा घेतलेली बाई अजूनही एकाच पट्ट्यात आहेत. २०२०-२१ मध्ये महामार्गबांधणीचा वेग रोज सरासरी ३६-३७ किलोमीटरपर्यंत पोचला आणि तो आकडा देशभर गाजला. ज्याची रोज नोंद होते त्याच्यामागे यंत्रणा धावते, हे सरकारी कचेरीत चार दिवस काढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. मग रोज किती किलोमीटर झाले हे जसे सांगितले जाते, तसे राष्ट्रीय महामार्गांवर रोज किती माणसे मेली हे का सांगितले जात नाही?

तेही सांगतो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतली ६१ हजारांवर माणसे राष्ट्रीय महामार्गांवर गेली. म्हणजे दिवसाला दीडशेहून अधिक. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातल्या एकूण रस्त्यांच्या दोन टक्क्यांच्या आसपास आणि मृत्यूंमधला वाटा ३६ टक्के. वाहतुकीचा मोठा बोजा याच रस्त्यांवर असतो हे खरे, पण त्याने मेलेल्यांचा हिशेब मिटत नाही. सगळ्या रस्त्यांवर मेलेल्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारे. दोन्ही मिळून दर तीन मृतांमागे जवळजवळ दोन. अपघात निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट सपशेल हुकले आणि परदेशातल्या परिषदांत या विषयावर तोंड लपवावेसे वाटते, असे खुद्द केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले. त्या कबुलीतल्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. म्हणून तर ही चर्चा तिथूनच सुरू व्हायला हवी.

नव्या द्रुतगती मार्गांच्या बाजूने सगळ्यांत वजनदार युक्तिवाद नेमका इथेच केला जातो, आणि तो डावलून पुढे जाता येणार नाही. तो असा: जुना रस्ता रुंद करायला गेले की दोन्ही बाजूंची घरे, दुकाने, देवळे, झाडे, कज्जे सगळे आडवे येते आणि वर्षानुवर्षे काम रखडते. माळरानातून नवी आखणी केली की पाडापाडी कमी, वळणे कमी, आणि ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येत असल्याने समोरासमोर धडक जवळपास नाहीच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पुरा झाला, तो या विचाराचा पहिला मोठा पुरावा. समृद्धी महामार्ग हा दुसरा. ७०१ किलोमीटर, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा. त्याच काळात जुना मुंबई-गोवा महामार्ग कुठे होता? मग जुन्याच्या मागे का लागायचे?

कारण समृद्धीवर दुचाकी चालत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही नाही. त्या रस्त्यांसाठी हा नियम योग्यच आहे. पण देशात जे सर्वाधिक मरत आहेत ते दुचाकीवर आहेत, पायी आहेत, आणि त्यांना नव्या रस्त्यावर प्रवेशच नाही. सिन्नर किंवा मेहकरचा माणूस मोटरसायकलवरून तालुक्याला जातो तो जुन्याच रस्त्याने, तेच खड्डे आणि तीच अंधारी वळणे ओलांडत. नवा मार्ग मोटारीतल्या प्रवाशाला त्या गर्दीतून बाहेर काढतो. गर्दीला काहीच देत नाही. उलट वजनदार माणसांच्या गाड्या जुन्या रस्त्यावरून गेल्या की त्या रस्त्यासाठी भांडणारेही कमी होतात, ही माझी खरी भीती आहे. आणि नवी आखणी आपोआप सुरक्षित असते हेही खरे नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मेली होती. पुढच्या चार-पाच वर्षांत हा आकडा निम्म्याहून खाली आला, तो काही नवा रस्ता बांधून नव्हे. अपघाताच्या एकेका जागेचा अभ्यास झाला, कठडे आणि अडथळे दुरुस्त झाले, वेगावर आणि बाजूला थांबलेल्या ट्रकांवर नजर ठेवली गेली, जखमींपर्यंत मदत लवकर पोचू लागली. एवढे किचकट आणि चिकाटीचे काम ९४ किलोमीटरवर जमते, तर ते जुन्या महामार्गांवर का नेले जात नाही?

आता मुंबई-गोव्याकडे. माझ्या गावाची वाट याच रस्त्यावरून आत जाते, म्हणून इथे जरा रेंगाळतो. पनवेल ते रायगडातले इंदापूर या ८४ किलोमीटरचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. इंदापूरपासून सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंतचा भाग पुढे निरनिराळ्या टप्प्यांत वाटून दिला गेला. या सगळ्या रस्त्याचा एक भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, दुसरा केंद्राच्या वतीने राज्याच्या बांधकाम खात्याकडे. त्यानंतर किती गणपती गेले! दरवर्षी श्रावण लागला की मंत्र्यांचे दौरे, ‘गणेशोत्सवापूर्वी एक मार्गिका खुली’ अशी घोषणा, खड्ड्यांत खडी, आणि वडखळ-कोलाड-माणगावला तासन्‌तास अडकलेल्या एसट्या, आत पेंगुळलेली मुले आणि मांडीवर मखराचे सामान. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणला बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला.

जुना रस्ता रुंद करायचा म्हटले की असेच होते, याला हा रस्ता साक्षीदार म्हणून उभा केला जातो. पण सावित्रीचा नवा पूल लक्षात घ्या. काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पूल उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. तोच महामार्ग, तोच पाऊस, तीच कातळाची जमीन. एक पूल सहा महिन्यांत होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ता दीड दशकात होत नाही, तर अडचण जुन्या रस्त्यात आहे की काम देण्याच्या पद्धतीत?

आणि त्याच डोंगरातून गेलेली कोकण रेल्वे बघा. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी रोह्यापासून मंगळूरपर्यंत गाडी धावू लागली. ७४१ किलोमीटर, नव्वदहून अधिक बोगदे, दोन हजारांच्या घरात लहानमोठे पूल. केंद्र आणि चार राज्ये भागीदार, पण काम एका संस्थेचे आणि जबाबदारी एका माणसाच्या, ई. श्रीधरन यांच्या, शिरावर. ती आखणी नवी होती, घरे-दुकाने तेवढी आड नव्हती, हे मान्य. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती रेल्वे सुरू झाल्यानंतरची गोष्ट. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर कोकण रेल्वेने काय केले? डोंगरउतार छाटले, जाळ्या ठोकल्या, पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक लावून गाड्यांचा वेग उतरवला, आणि आषाढ-श्रावणात रात्रभर हातात कंदील-बॅटरी घेऊन रुळांवर गस्त घालणारी माणसे नेमली. आजही पाऊस धरला की ती माणसे चालत असतात. शेजारच्या परशुराम घाटात रस्त्यासाठी डोंगर उभा कापला गेला आणि दरवर्षी पावसात तो खाली येतो. तिथे कुणाची गस्त असते? रेल्वेला देखभाल हा रोजच्या कामाचा भाग वाटतो. महामार्गाला देखभाल म्हणजे गणपतीआधीची खडी.

हा विचार आपल्याकडे नवा नाही, आणि म्हणूनच त्याचे विस्मरण जास्त बोचते. १९२७ मध्ये भारतातल्या रस्त्यांचा विचार करायला पहिली मोठी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले. रस्ते सांभाळणे हे गावोगावच्या लोकल बोर्डांच्या कुवतीबाहेरचे झाले आहे, ती देशाची जबाबदारी आहे आणि त्यासाठी पेट्रोलवरच्या करातून कायमचा निधी हवा, असे समितीने सुचवले. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी निर्माण झाला. १९४३ मध्ये सगळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा आराखडा केला. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड आपण आजही वापरतो ती त्या नागपूर आराखड्याची. त्यात एक कसोटी होती: शेतीच्या सुपीक पट्ट्यातले एकही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून लांब असू नये. युद्ध चालू असताना, गुलामीत असलेल्या देशातल्या अभियंत्यांनी रस्ता गावाच्या बाजूने मोजला. आपण तो टोलनाक्यापासून टोलनाक्यापर्यंत मोजतो.

गावाच्या बाजूने मोजायचे म्हणजे काय, हे पाहायला पुणे-कोल्हापूर रस्त्यावर कुठल्याही फाट्यावर अर्धा तास उभे राहावे. सहापदरीकरण २०१० च्या सुमारास सुरू झाले आणि आजवर पुरे झालेले नाही. गावाचे घर एका बाजूला, शेत दुसऱ्या बाजूला. भुयारी मार्ग आहे तो दीड किलोमीटर पुढे, तोही पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात. सेवा रस्ता मध्येच संपतो. मग दुभाजकाचा एक दगड कुणीतरी सरकवतो, पायवाट पडते, आणि वैरणीचा भारा घेतलेली बाई शंभरच्या वेगाने येणाऱ्या गाड्यांच्या मधून पलीकडे जाते. तिचा अपघात झाला की नोंद होते ‘पादचाऱ्याचा निष्काळजीपणा’. आराखडा करणाऱ्याने तिचे शेत कुठे आहे हे विचारले नाही, या निष्काळजीपणाची नोंद कोणत्या रकान्यात होते? सदोष प्रकल्प अहवाल आणि ते करणारे अभियंते अपघातांना जबाबदार आहेत, असे गडकरींनी जाहीरपणे म्हटले आहे. अगदी बरोबर. पण तो अहवाल मंजूर करणारी, त्यावर निविदा काढणारी आणि घाईची तारीख ठरवणारी यंत्रणा त्यांच्याच खात्याची आहे.

भूसंपादनाच्या बाजूनेही दोन्हीकडचे खरे सांगायला हवे. समृद्धीसाठी जमीन दिलेल्या पुष्कळ शेतकऱ्यांना चांगला पैसा मिळाला. कुणी दुसरीकडे जास्त जमीन घेतली, कुणाच्या मुलीचे शिक्षण झाले. मोबदला मिळूनही सगळेच नागवले जातात, हे विरोधकांचे चित्र सरसकट खरे नाही. पण सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मोबदला मिळतो. त्याच शेतात वीस वर्षे राबलेल्या शेतमजुराला मिळत नाही. जमिनीचा पट्टा मधून कापला गेला की पलीकडच्या दहा गुंठ्यांना वाट राहत नाही आणि विहीर एका अंगाला, पीक दुसऱ्या अंगाला होते. शिवाय २०१३ च्या भूसंपादन कायद्यातली मोबदल्याची तरतूद राष्ट्रीय महामार्गांना लागू झाली, पण सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा झाला नाही. म्हणजे पैसे मोजायचे, माणसे मोजायची नाहीत. पैशापुरतेही भांडावेच लागले: १९९७ च्या दुरुस्तीने महामार्गांसाठी जमीन देणाऱ्यांची दिलासा रक्कम आणि व्याज काढून घेतले होते, ते परत मिळवायला शेतकऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालापर्यंत थांबावे लागले.

शक्तिपीठ महामार्गाला असलेल्या कोल्हापूरच्या शेतकऱ्याच्या विरोधाला ‘भावनिक’ म्हणणाऱ्यांनी २०१९ चा ऑगस्ट आठवावा. पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर चढले आणि देशाची ही मुख्य धमनी कित्येक दिवस बंद राहिली. २०२१ च्या जुलैत तेच झाले. पाणी जिथून पसरायचे त्या मैदानात महामार्गाचा उंच भराव आहे आणि पाण्याला जायला मोऱ्या अपुऱ्या आहेत, ही तिथल्या लोकांची जुनी तक्रार. ती पूर्णपणे खरी की अंशतः, हे जलविज्ञानाने तपासता येते. धरणांचे विसर्ग आणि नदीपात्रातली बांधकामेही त्याला कारण आहेत, असेही म्हणता येईल. पण ज्याच्या घरात दोनदा छपरापर्यंत पाणी आले, त्याने त्याच खोऱ्यात दुसरा भराव येतो म्हटल्यावर ‘पाणी कुठून जाणार?’ असे विचारले तर तो विकासाचा वैरी कसा? त्याला उत्तर म्हणून मोबदल्याचा दर सांगितला जातो. त्याने विचारले काय आणि सांगितले काय!

डोंगरात हीच चूक आणखी महाग पडते. उत्तराखंडात ८८९ किलोमीटरचा चारधाम रस्ता ५३ तुकड्यांत विभागला गेला आणि एकत्रित पर्यावरण अभ्यासाची अट टळली. डोंगरात रस्ता किती रुंद असावा यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. सीमेवर सैन्य आणि रसद पोचायला हवी हा संरक्षण खात्याचा मुद्दा न्यायालयाने २०२१ मध्ये मान्य केला, आणि तो मुद्दा खराही आहे. पण सैन्याचा ट्रक ज्या रस्त्यावर दरड पडून अडकतो, त्या रस्त्याची रुंदी संरक्षणाच्या काय कामाची? नोव्हेंबर २०२३ मध्ये याच प्रकल्पातला सिलक्यारा बोगदा कोसळून ४१ कामगार सतरा दिवस आत अडकले. यंत्रे हरली आणि शेवटचे काही मीटर हाताने उकरणाऱ्या खाणकामगारांनी त्यांना बाहेर काढले.

पैशाचे गणितही नव्या रेघांना अनुकूल नाही. केंद्राच्या भारतमाला या महामार्गबांधणीच्या प्रकल्पाचा पहिला टप्पा २०१७ मध्ये मंजूर झाला: ३४,८०० किलोमीटर, ५ लाख ३५ हजार कोटी रुपये, म्हणजे किलोमीटरला सव्वापंधरा कोटींच्या थोडे वर. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात दिसले ते असे: २६,३१६ किलोमीटरलाच ८ लाख ४६ हजार कोटींहून अधिक मंजूर झाले होते, किलोमीटरला ३२ कोटींवर. मार्च २०२३ पर्यंत पुरे झाले होते १३,४९९ किलोमीटर. मार्गिका वाढल्या, उन्नत रस्ते आणि बोगदे आले, जमीन महागली, हे सरकारचे उत्तर काही अंशी पटण्यासारखे आहे. पण दर दुप्पट झाला आणि काम निम्म्याहून कमी, तेव्हा हाती असलेले आधी पुरे करायचे की यादी लांबवत जायची? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे कर्ज साडेतीन लाख कोटींच्या घरात गेले आणि २०२२ नंतर नवे कर्ज थांबवावे लागले. ज्याच्या घरात दोन खोल्या गळक्या आहेत तो वर माडी चढवत नाही. आधी कौले शाकारतो.

टोल हाच या सगळ्यावरचा एक उपाय होऊ शकतो, म्हणून टोल रद्द करा ही घोषणा मला पटत नाही. रस्ता वापरणाऱ्याने पैसे द्यावेत हे तत्त्व जयकर समितीपासूनचे आहे. पण पैसे दिल्यावर रस्ता मिळायला हवा. केरळात एडपल्ली-मण्णुत्ती या ६५ किलोमीटरच्या महामार्गाची दैना झाली होती. पालियेक्कराच्या नाक्यावरची टोलवसुली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये थांबवली आणि तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने त्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. ज्या रस्त्यावर वाहतूक तुंबलेली आहे तिथे टोल का द्यायचा, हा प्रश्न तिथे कायद्याचा प्रश्न झाला. हे प्रत्येक नाक्यासाठी नियमातच लिहिता येईल. ठरलेल्या दिवसांत खड्डा बुजला नाही, अपघाताची जागा दुरुस्त झाली नाही, मंजूर भुयारी मार्ग झाला नाही, तर त्या नाक्याचा टोल आपोआप थांबेल. फास्टॅगमुळे वसुली यंत्रावर चालते. यंत्राला ती थांबवताही येते. प्रत्येक वेळी नागरिकाने उच्च न्यायालयाचा जिना का चढावा?

विरोधकांनाही एक विनंती. ‘एक इंचही जमीन देणार नाही’ या घोषणेने मोर्चा मोठा होतो, पण सरकारला अवघड प्रश्नातून सुटका मिळते. जमीन द्यायची नाही म्हणणाऱ्याला हट्टी ठरवता येते. हिशेब मागणाऱ्याला नाही. म्हणून मोजणीचे पथक गावात येईल तेव्हा ग्रामसभेने त्यांच्याकडे शेजारच्या जुन्या राष्ट्रीय महामार्गाचा कागद मागावा. तालुक्याच्या हद्दीत त्या रस्त्यावर गेल्या पाच वर्षांत किती माणसे गेली, कुठल्या जागी गेली, तिथे काय दुरुस्ती झाली. किती भुयारी मार्ग मंजूर होते, किती झाले, आणि त्यांतल्या कितींत पावसाळ्यात पाणी साचत नाही. २०२१ च्या पुराची पातळी किती होती आणि नव्या भरावाखालच्या मोऱ्या त्या पातळीला पुरतात याचे गणित कुणी केले, त्याखाली सही कुणाची. हा कागद टेबलावर येईपर्यंत मोजणी सुरू होऊ देऊ नये.